भाऊबीजेच्या ताटातली जंबेरी

मी जंबेरी बोलून राहिली. माझी बोली वऱ्हाडी, पण तुम्हाला समजावं म्हणून जरा सांभाळून बोलते.

काय म्हणता, कोण जंबेरी? पाहा, इथूनच सुरुवात होते! परतवाड्याचा संत्रा म्हटलं की तुमच्या तोंडाला पाणी सुटतं, पण त्या झाडाची मुळं कोणाची, हे कोणी विचारत नाही. ती माझी असतात. आमच्याकडे आधी माझं बी पेरतात, म्हणजे जाड, खडबडीत सालीच्या आंबट लिंबाचं. मी हातभर झाले की माझी साल चिरून तिच्यात संत्र्याचा डोळा भरतात. डोळा म्हणजे त्याच्या काडीवरचा इवलासा कोंब. तो फुटला की माझा शेंडा छाटून टाकतात. मग खाली मातीत राबायचं मी आणि वर मिरवायचं त्यानं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

परतवाड्याजवळ डोमाजीबाबांच्या वाफ्यात माझा जन्म झाला. बी असतानाचं मला एवढंच आठवतं: गार राख, एक मोठा खरखरीत हात आणि दुसरा बांगड्या वाजवणारा. राखेत घोळून, सुकवून आम्हा बियांना ओळीनं पेरलं. वर्षभरानं बाबांनी शेजारच्या मळ्यातून काडी आणून माझ्यावर डोळा भरला. माझ्या बहिणी विकल्या गेल्या, कुणाकुणाच्या बागेत जाऊन मोठ्या झाल्या. मी मात्र धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, दगडांत अडकले आणि गुडघ्याएवढीच राहिले.

पुढे बाबा गेले. बागही म्हातारी झाली होती, विहिरीचं पाणी खोल गेलं होतं. बाबांच्या मुलानं, पंजाबरावनं, झाडं काढून सोयाबीन पेरलं. त्यात त्याची काही चूक नव्हती. पण त्याची मोठी बहीण शकुन अकोल्याहून आली ती उघडं वावर पाहून धुऱ्यावर मटकन बसली. बसल्या बसल्या तिचा हात माझ्या पानांना लागला.

"अवं माय! तू कशी काय राहिली वं?"

मग काय, गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर बसवून तिनं मला अकोल्याच्या जुन्या शहरात आणलं. वाटेत कंडक्टरशी भांडून खिडकीची जागा घेतली, माझ्यासाठी.

शकुनचा नवरा देवीदास एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. त्याला बोन्सायचा नाद. गच्चीवर हिरव्या जाळीखाली चिंच, उंबर, पिंपळ असे सगळे महापुरुष त्यानं पसरट कुंड्यांत बसवलेले. शकुन त्याला चिडवायची, "झाडाले वाढूच देत नाई हा मानूस."

"वाढू देतो," तो म्हणायचा, "पसरू देत नाई."

त्यानं माझी मुळं छाटली, मला पसरट कुंडीत बसवलं आणि जळक्या मोटारीतली तांब्याची तार फांद्यांना गुंडाळून त्यांना हवं तसं वळण दिलं. दुखलं का म्हणाल, तर पहिले काही दिवस दुखलं. नंतर लाड इतके व्हायला लागले की मी तक्रार विसरले. रोज सकाळी हा माणूस चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसायचा आणि एकेक पान उलटून पाहायचा. बायकोकडे इतकं निरखून पाहिलं असतं तर तिनं सोन्याचे कानातले मागितले असते.

राग एकाच गोष्टीचा यायचा. कुंडीवर त्यानं पत्र्याची चिमुकली पाटी लावली होती: 'संत्रा'. आणि डोळा भरलेल्या सांध्याखालून माझा स्वतःचा एखादा कोंब वर आला रे आला की, "जंबेरी फुटली!" असं ओरडून कात्रीनं कच्च! अरे बाबा, ज्याच्या जिवावर जगतोस त्यालाच कच्च?

पण संत्र्याला फळ यायचं तेव्हा मीही फुगून जायचे, खोटं कशाला बोलू. डोमाजीबाबांच्या घरची एक रीत होती. भाऊबीजेला ओवाळायच्या ताटात निरांजनाशेजारी बागेतला पहिला संत्रा ठेवायचा आणि ओवाळून झाल्यावर तो भावाच्या हातात द्यायचा. बाग गेल्यावर ती रीत माझ्यावर आली. लिंबाएवढा संत्रा, पण शकुन तो भावाच्या हातात ठेवायची तेव्हा दोघांचे डोळे भरून यायचे. "बाबाची बाग आली पाय ताटात," ती म्हणायची. माझ्या फांदीवरच्या त्या एका फळात तिचं सगळं माहेर होतं.

आणि मग तो उन्हाळा आला. अकोल्याचा मे महिना म्हणजे काय, हे अकोल्याच्याच माणसाला विचारा. कूलरमध्ये पाणी भरता भरता देवीदास घसरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. गच्चीचा जिना त्याला बंद झाला. खालून तो ओरडायचा, "अवं, झाडाले नळाचंच पानी दे बरं!"

"देऊन राहिली न बाप्पा! झोपा तुमी," शकुन वरून म्हणायची.

आता शकुनचा हिशोब ऐका. नळ येतो चार-आठ दिवसांतून एकदा. ते पाणी माणसांना प्यायला. झाडाला कशाला एवढे नखरे? बरं, कूलरच्या टाकीत रात्रभर फिरून फिरून उरलेलं पाणी रोज सकाळी काढावंच लागतं. गारेगार पाणी! ते मोरीत कशाला घालवायचं? बिचाऱ्या झाडाला ऊन लागतंय, त्याला पाजू. आणि ती रोज सकाळी बादली भरून ते पाणी प्रेमानं माझ्या कुंडीत ओतायला लागली.

कूलरमध्ये बोअरचं पाणी असतं, आणि आमच्या भागातलं बोअरचं पाणी खारं. कूलर त्यातलं पाणी हवेत उडवतो, मीठ मात्र टाकीतच राहतं. सकाळपर्यंत उरतं ते नुसतं पातळ लोणचं! तेच मी रोज पीत होते. पानांची टोकं करपली. शकुननं पाहिलं आणि म्हणाली, "अरारा, ऊन लागलं वाटते," आणि दुपारीही एक बादली वाढवली. अति तिथं माती म्हणतात, तसं झालं. पानं गळली. तांब्याच्या तारेत नुसत्या काड्या उरल्या.

शकुननं देवीदासला सांगितलंच नाही. जिन्यावर बसून रडायची आणि तोंड धुऊन खाली जायची.

एक दिवस कूलरची गवताची जाळी बदलायला काढली. तिच्यावर पांढरा थर साचला होता. शकुन तो खरवडता खरवडता थांबली. जिना चढून वर आली, माझ्या कुंडीतल्या मातीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"आई गं! मीच खारवून टाकलं वं तुले!"

त्यानंतर त्या बाईनं जे केलं ते पाहायला पाहिजे होतं. कुंडी उचलून सावलीत नेली. जुनी माती काढली, मुळं हलक्या हातानं धुतली, सडलेली कापली, नवीन माती भरली. पण धुवायला गोडं पाणी हवं आणि घरात पिण्यापुरतंच उरलेलं. पलीकडच्या गच्चीवर रजियाबी पापड वाळवत होती. तिनं शकुनचा अवतार पाहिला आणि काय झालं ते विचारून घेतलं.

"अगं बाई, तो बोलने का था ना! हमारे ड्रम में नल का पानी है, ले जाव."

"तुमालेच कमी पडन न, भाभी."

"हम एक दिन कपडे नहीं धोएंगे. कौन मरता है? झाड मर जाएगा."

कठड्यावरून पाण्याचे गुंड, म्हणजे घागरी, पलीकडून अलीकडे आले. मी आयुष्यात इतकं गोड पाणी प्यायले नव्हते.

मग शकुननं नखानं माझी साल खरडून पाहिली. वरची फांदी कोरडी. खालची कोरडी. सांध्यापर्यंत सगळं तपकिरी. तिचं नख सांध्याखाली उतरलं आणि हिरवं निघालं! मी होते की तिथे! मी कुठे मेले होते? संत्रा गेला होता, बिचारा. वाईट वाटलं मला त्याचं. इतकी वर्षं डोक्यावर घेतलं होतं शेवटी.

काही दिवसांनी मी कोंब काढला. देवीदासचं प्लास्टर निघालं होतं. शकुननं अखेर त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो काठी टेकत टेकत वर आला. कोंब कुठून फुटलाय ते त्यानं पाहिलं, पान चुरडून वास घेतला आणि त्याचा चेहरा पडला. हा वास संत्र्याचा नव्हे. मग त्यानं शकुनकडे पाहिलं. ती श्वास रोखून उभी होती.

"जगला वं तुह्या बाबाचा संत्रा!" तो मोठ्यानं म्हणाला.

खोटारडा! संध्याकाळी एकटी असताना शकुननंही एक पान चुरडून वास घेतला. पान कुंडीत टाकून ती खाली निघून गेली. मला वाटलं, हिला सर्दी झाली असावी.

मी वाढले, पुन्हा तारेत वळले. पाटी तीच, 'संत्रा'. चार दिवाळ्या ताट रिकामं गेलं, कारण विकतचा संत्रा त्यात ठेवायला शकुनचं मन होईना. मग पुढच्या वर्षी मला फुलं आली आणि एक फळ धरलं. फळ पिवळं पडायला लागलं, अंगावर फोडांसारखे उंचवटे आले, तसा देवीदास घाबरला.

"ऊन लागलं त्याले, म्हनून असं दिसते," तो म्हणाला.

"हो का? बरं," शकुन म्हणाली.

भाऊबीजेला पंजाबराव आला. फळ धरल्याचं ऐकून सरळ गच्चीवर गेला आणि हसतच सुटला. "काय भाऊजी, हे तं जंबेरी आहे! संत्रा केव्हाचाच मेला. बाई, काही काळजी नको करू. मी परतवाड्याहून काडी आनतो, डोळा भरून टाकू हिच्यावर."

देवीदासनं त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. माझ्या तर मुळांना कापरं भरलं. पुन्हा शेंडा छाटणार! पुन्हा कोणीतरी डोक्यावर बसणार!

शकुननं शांतपणे हात पुसले. "मले मालूम नाई असं वाटलं का तुमाले? डोमाजीची पोरगी आहो मी. पयल्याच पानाले वास घेतला होता."

"मंग बोलली कावून नाई?" देवीदास ओरडला.

"तुमी काठी टेकत वर आले अन् इतके खूश झाले. म्हटलं, कशाले मन मोडा."

"अवं, मी तुह्यासाठी खूश झालो होतो!"

आणि मग दोघं असे हसले की पलीकडून रजियाबी पाहायला आली.

"बाई, पन संत्रा तं आनू न?" पंजाबरावनं विचारलं.

"नाई." शकुननं फळ अलगद तोडलं. "डोळा कोठून आनला होता बाबानं? शेजारच्या मळ्यातून. पन बी बाबानं पेरलं. त्या वर्षी मी माहेरी होती. बाबा बिया काढत होते अन् मी राखेत घोळत होती. जो मेला तो शेजारचा होता, पंजाब. बाबाची तं हे आहे!"

बांगड्या! त्या बांगड्या हिच्या होत्या! अहो, मला हात असते तर मी तिच्या गळ्यात पडले असते.

ताटात निरांजनाशेजारी मी बसले, पिवळीधमक, खडबडीत. पंजाबरावनं फळ घेतलं, डोळ्यांना लावलं, सगळ्यांदेखत चाखलं आणि डोळे मिटून असं तोंड केलं की सगळे पोट धरून हसले. उरलेल्या फोडींचं गूळ घालून सरबत झालं. एक ग्लास कठड्यावरून पलीकडेही गेला.

आता मी मजेत आहे. देवीदासची कात्री अजूनही चालते, पण आकार देण्यापुरती. तुमच्याही गच्चीवर एखादं झाड असेल तर त्याला कूलरचं पाणी पाजू नका, आणि वरून वाळलं म्हणून फेकूही नका. आधी बुडाशी नख लावून पाहा, बाप्पा.

आणि हो, त्या भाऊबीजेलाच देवीदासनं कुंडीवरची ती पाटी काढून तिला नवा रंग दिला होता. तो ती परत लावत असताना पलीकडून रजियाबीनं विचारलं, "शकुनबाई, क्या लिखा?"

आणि शकुन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "जंबेरी! आमच्या बाबाची जंबेरी!"