मार्गदर्शन कक्षातली रिकामी खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. हुबळीतल्या एका सरकारी कॉलेजच्या मार्गदर्शन कक्षातली, चाकांची, गोल फिरणारी. दहावीनंतर काय, बारावीनंतर काय, हे मुलांना नीट समजावणाऱ्या माणसानं माझ्यावर बसावं म्हणून मला आणलं. आता माझ्यावर कोण बसलं तेही ऐका.

मार्चअखेर होती. अनुदान परत जाऊ नये म्हणून घाईघाईनं माझी खरेदी झाली. दुर्गदबैलाच्या बाजारातून हातगाडीवर मिरवत आले मी. काय तो माझा तोरा! पण खोली मिळाली, माणूस मिळाला नाही. कन्नड शिकवणाऱ्या अनसूया मॅडमकडेच हे काम जादा म्हणून सोपवलं. मॅडम मायाळू, पण कधी मतदारयादी, कधी जनगणना, कधी परीक्षेची ड्यूटी. दाराला कायम कुलूप. हळूहळू आत क्रिकेटचे स्टंप आले, फुटका ढोल आला. झेंडावंदनाला पाहुण्यांसाठी मला बाहेर काढत. एरवी शिपाई नागोजीअण्णा माझ्यावर चढून ट्यूबलाइट बदलत आणि चाकं सरकली की मलाच शिव्या घालत.

मग पल्लवी आली. तिचे अप्पा दुर्गदबैलात धान्याच्या दुकानात कामाला. पोरगी पोत्यांच्या आसपासच वाढलेली. नुकतीच दहावी झाली होती आणि आमच्याच आवारात पीयूसीला, म्हणजे अकरावीला, नाव घालायचं होतं. खिडकीशी उभी राहून ती मुठीतली ज्वारी या हातातून त्या हातात घोळवत होती.

"अण्णा, मॅडम आहेत काय? मला धारवाडच्या शेतकी कॉलेजात जायचंय. सायन्समध्ये कुठले विषय घ्यायचे ते विचारायचं होतं."

"मॅडम इल्ल गं. मतदारयादीला गेल्यात."

ती पुन्हा आली. नंतरही येत राहिली. मी आत, ती बाहेर, मधे कुलूप. शेवटी विषय लिहून द्यायचा दिवस आला. घरात या बाबतीत सांगणारं कुणी नव्हतं. नागोजीअण्णांनाच तिची दया आली.

"कंप्युटर घे की. आता सगळीकडं कंप्युटरच लागतंय. बायालजी घेऊन बेडूक कापत बसतीस काय?"

ती हसली. मीही आत खूश झाले, चला, पोरीला कुणीतरी उत्तर दिलं! अण्णांच्या मनात काही वाईट नव्हतं हो. त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी सांगितलं.

दोन वर्षं पोरगी मान मोडून अभ्यास करत होती. बारावीचा निकाल लागला आणि ती पेढे घेऊन धावत आली. नेमक्या त्या दिवशी मॅडम खोलीत होत्या.

"मॅडम, आता शेतकीला अर्ज कसा करायचा?"

मॅडमनी निकाल वाचला, पुन्हा वाचला. "पल्लवी, बायालजी कुठंय गं?"

"नाही घेतलं. कंप्युटर घेतलं मी."

"अय्यो! शेतकीला बायालजी लागतंय की गं."

दारात नागोजीअण्णांच्या हातातला पेढा हातातच राहिला. मॅडम मटकन माझ्यावर बसल्या. मार्गदर्शन करणारं माणूस माझ्यावर पहिल्यांदा बसलं, तेही पाय गळाले म्हणून. मला ते ओझं सोसवेना.

"बायालजी घेऊन परत अकरावीपासून करशील?" मॅडमनी हळूच विचारलं.

"अप्पा नको म्हणतील, मॅडम. मागं धाकटी आहे." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "मी विचारायला आले होते."

कुणावरही चिडली नाही ती. चिडली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. पेढ्यांचा डबा मात्र ती टेबलावर विसरून गेली.

आज मी पुन्हा कुलपाआड आहे. माझं रेक्झिन फाटलंय, एक चाक अडतं. दुरुस्ती नकोय मला. माझ्यावर बसायला एक माणूस द्या, रोज येणारा. एवढंच मागणं आहे.

परवा पल्लवी दाखला न्यायला आली होती. बीसीएला नाव घातलंय म्हणे. खिडकीशी वेदश्री नावाची दहावी झालेली मुलगी उभी होती.

"अक्का, मॅडम आहेत काय?"

पल्लवीनं कुलपाकडे पाहिलं. मग ती तिथंच पायरीवर बसली, वेदश्रीला शेजारी बसवलं आणि तिला विचारलं, "तुला काय व्हायचंय?"

हे पल्लवीला वेळेवर कुणीच विचारलं नव्हतं.