खैराचा खुंट

"तो खैर हाय, मास्तर. वरनं काळा पडलाय, पन आत लाल असंल. उभा जल्म लाकडं फोडण्यात गेला, मला नका शिकवू."

धाकूने कोयतीने एक ढलपी काढून हातावर ठेवली. आत खरंच लाल होती.

आत्माराम फणसळकर मास्तर गुडघाभर चिखलात उभे होते. धोतर कमरेला खोचलेलं, छत्री काखेत, टोपी तेवढी जागच्या जागी. अमावास्येची ओहोटी होती आणि भाट्याच्या खाडीचं पाणी पार लांब गेलं होतं. धाकू आपल्या चुनेभट्टीसाठी शिंपले उकरत होता, आणि शिंपल्यांच्या थराखाली त्याला हा खुंट लागला होता. मुळं खालच्या तांबड्या मातीत घट्ट रुतलेली.

"धाकू, खैर खाऱ्या पाण्यात रुजतो का रे?"

"छ्या! त्याला कोरडी जमीन लागते."

"मग हा इथे कसा रुजला?"

धाकूने खुंटाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि विडी शिलगावली. "पानी नसंल तवा," तो म्हणाला.

मास्तरांना त्याला मिठी मारावीशी वाटली. चिखलामुळे राहिलं.

ही गोष्ट एकतीस सालची. मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवत. रत्नागिरीत वेडा ठरायला फारसं काही करावं लागत नाही. बावन्न वर्षांच्या माणसाने ओहोटीला खाडीत उतरून काठीने माती मोजली की पुरतं. पत्नी सगुणाबाई म्हणत, "लोकांचे नवरे देवळात जातात, आमचे चिखलात जातात." पण अमावास्येला पाय धुवायला गरम पाणी मात्र त्याच ठेवत.

मास्तरांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. फार पूर्वी पृथ्वीच्या उत्तरेला मैलभर जाडीचा बर्फ साचला होता, असं त्यांनी वाचलं होतं. तो बर्फ म्हणजे समुद्राचंच पाणी. तिकडे साठलं, म्हणजे सगळ्या जगात समुद्र खाली गेला असणार. मग आपला किनाराही लांब असणार, आणि आज जिथे खाडी आहे तिथे रान असणार. आता गंमत बघा, स्वतः मास्तरांनी बर्फ आयुष्यात एकदाच पाहिला होता, मुंबईला, लेमनच्या पेल्यात. तो पण पिऊन होईपर्यंत विरघळला.

धाकूला हे पटवायला त्यांना दोन अमावास्या लागल्या.

"तिकडं बर्फ झाला, त्याचं हितं काय?"

"तुझ्या विहिरीतून शेजाऱ्याने शंभर घागरी नेल्या आणि परत ओतल्याच नाहीत, तर?"

"तर त्याला मी सोडीन काय?" धाकू म्हणाला. मग थोड्या वेळाने, "विहीर खाली जाईल."

"तसंच."

"आनि परत कवा ओतलं?"

"बर्फ वितळला तेव्हा. हवा तापली, पाणी परत आलं, तुझा खैर बुडाला."

त्या दिवसापासून तो खुंट 'मास्तरांचा खैर' झाला. मास्तरांनी बजावलं, "हा भट्टीत घालायचा नाही. जाळायचा नाही." धाकूने गळ्याची शपथ घेतली. पावसाळ्यात खुंट गाळाखाली जायचा, दिवाळीनंतर धाकू गाळ काढून पुन्हा मोकळा करायचा. आजूबाजूला त्याने पुष्कळ खणलं, पण दुसरा खुंट काही लागला नाही.

मास्तर मुंबईच्या कॉलेजातल्या प्रोफेसर वागळ्यांना पत्रं लिहीत राहिले. तीन वर्षांत अकरा पत्रं गेली, चार उत्तरं आली. शेवटच्या उत्तरात प्रोफेसरांनी स्वच्छ लिहिलं होतं: मी चैत्र अमावास्येला येतो. खुंट मातीत रुजलेला डोळ्यांनी पाहिला, तर भूगर्भशास्त्राच्या मासिकात तुमच्या नावाने टिपण छापवून आणतो. मास्तरांनी ते पत्र सगुणाबाईंना दोनदा वाचून दाखवलं. पेन्शन तोंडावर आली होती. पस्तीस वर्षं पोरांना दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं. एक ओळ आपली असावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

नेमके त्या आठवड्यात परीक्षेचे पेपर आले. मास्तरांना भाट्याला जायला जमेना. त्यांनी निरोप धाडला: साहेब येताहेत, सगळं नीट तयार ठेव, त्यांना त्रास होता कामा नये.

अमावास्येच्या सकाळी प्रोफेसर बोटीतून पडावात आणि पडावातून धक्क्यावर उतरले. गोरे, नीटनेटके, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. जेवणं झाली, चारनंतर दोघे तरीच्या होडीने खाडी ओलांडून भाट्याला आले. धाकू धुतलेला सदरा घालून वाटेवरच उभा होता.

"खाडीत नको उतरायला, साहेब," तो म्हणाला. "हितंच या."

भट्टीच्या अंगणात शेणाने सारवलं होतं. मधे पाट मांडला होता आणि पाटावर तो खुंट होता. खोबऱ्याचं तेल लावून चकचकीत केलेला. पाटावर सरळ बसावा म्हणून खालची मुळं कुऱ्हाडीने साफ तासलेली. एवढं जुनं झाड म्हणून धाकूच्या बायकोने, हौसाने, वर हळदकुंकू वाहिलं होतं.

"चार मानसं लागली काढाया," धाकू म्हणाला. "पन म्हटलं, साहेबांचे पाय चिकलात कशाला? पावन्याला कोनी चिकलात उतरवतं काय?"

 तीन वर्षांत मास्तरांनी धाकूला बर्फ सांगितला, समुद्र सांगितला, जाळू नको म्हणून सांगितलं. हलवू नको, हे सांगायचं राहिलं होतं.

प्रोफेसर उकिडवे बसले. तासलेल्या बुंध्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग ते इंग्रजीत बोलू लागले. "हा जागेवर कोणी पाहिला होता?"

"मी पाहिला."

"आणखी?"

"यांनी."

"फणसळकर, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण विश्वास छापता येत नाही. असं लाकूड पुरात डोंगरातून वाहूनही येतं. हा उपटला कोणी?"

धाकू दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता. हसरा, अंग चोरून, पोराचा निकाल ऐकायला आलेल्या बापासारखा.

"मी," मास्तर इंग्रजीतच म्हणाले. "मीच काढायला सांगितला. चूक माझी."

प्रोफेसरांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान हलवली. ओहोटीला ते बूट काढून खाडीत उतरलेही, माणूस वाईट नव्हता. पण खड्डा दोन दिवसांच्या भरतीत गाळाने भरला होता. पहार घालून पाहिली, कुठे काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी एक ढलपी रुमालात बांधून ते बोटीवर गेले.

"काय म्हनले साहेब?" धाकूने विचारलं.

"म्हणाले, असा खैर कुठे पाहिला नव्हता."

घरी मात्र मास्तर जेवले नाहीत. सगुणाबाईंनी एकदाच विचारलं, "धाकूला बोललात का?"

"नाही."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि ताक पुढे ठेवलं.

पुढल्या वर्षी मासिकाचा अंक टपालाने आला. प्रोफेसरांच्या लांबलचक लेखात, अगदी तळाला, बारीक अक्षरात एक ओळ होती: रत्नागिरीजवळ खाडीत खैराचे लाकूड मिळाल्याचे एक स्थानिक शिक्षक कळवतात, ते वाहून आलेले असावे.

मास्तरांनी ती ओळ दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचली. तिसऱ्या दिवशी अंक घेऊन ते भाट्याला गेले. भट्टीतला चुना नुकताच उतरवला होता. धाकू कोपरापर्यंत पांढरा झाला होता. खुंट अंगणात पाटावरच होता. वाळवी लागू नये म्हणून हौसा त्याला दर अमावास्येला तेल लावत असे.

"छापलं?" धाकूने विचारलं.

"छापलं."

"वाचा की."

मास्तरांनी चष्मा लावला. "रत्नागिरीच्या खाडीत खैराचा जुना खुंट मिळाला," ते सावकाश वाचू लागले. "तो भाट्याचे चुनेवाले धाकू यांनी शोधला. पूर्वी समुद्र खाली होता, हे त्यावरून दिसते."

हौसा दारात येऊन उभी राहिली. धाकू पुढे सरकला. "माजं नाव कुटं हाय?"

मास्तरांनी त्या बारीक ओळीवर बोट ठेवून दाखवलं. धाकूने आपलं बोट तिथे नेलं आणि अलगद टेकवलं. ओळीवर पांढरा ठसा उमटला.

"आनि तुमचं?"

"आहे ना. तुझ्या शेजारीच."

धाकूने मान डोलावली. ठसा पुसायला तो सदऱ्याची बाही पुढे करू लागला, तर मास्तरांनी त्याचा हात धरला.

"राहू दे."

"पुढच्या साली ह्याच्याहून मोठा काढतो बगा."

"आधी मला बोलव," मास्तर म्हणाले. "मी आल्यावर काढू."