लोकरीच्या पट्टीमागे

मित्रांनो, मी एक जुना, उभ्या बांध्याचा, काळा पियानो आहे. जपानातल्या हामामात्सुच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या माणसांनी एकेक तार ताणून, कान लावून मला घसघशीत आवाज दिला आणि क्योतोच्या एका अरुंद गल्लीतल्या लाकडी घरात धाडून दिलं. तिथे मिनेको राहायची. स्टुलावर बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नसत.

पहिल्याच दिवशी तिने मला असं बडवलं की कपाटातल्या बश्या किणकिणल्या. मी खूश. दुसऱ्या दिवशी शेजारच्या उकाईआजी पर्सिमनच्या केशरी फळांची टोपली घेऊन दारात उभ्या राहिल्या. "झाडाला फार लागलीत," म्हणाल्या, वाकून नमस्कार केला आणि गेल्या.

मिनेकोची आई तोमोए टोपलीकडे बघतच राहिली.

"कारण नसताना कोणी काही देत नाही. आवाजाचा त्रास होतोय त्यांना. तोंडावर कशा बोलतील?"

"पण आई, त्या तर हसत होत्या."

"तेच तर."

त्या संध्याकाळी तोमोएने माझं मधलं पेडल दाबून खाचेत अडकवलं. हातोड्या आणि तारांच्या मध्ये लोकरीची जाड पट्टी उतरली. तोंडावर उशी दाबावी तसं मला झालं. वाटलं, आजच्या दिवसापुरतं असेल. मिनेको हायस्कुलात गेली तरी ते पेडल वर आलं नव्हतं.

पोरगी मात्र जिद्दीची. पट्टीतून काहीतरी ऐकू यावं म्हणून ती दिवसेंदिवस जोर लावून वाजवायची. तिच्या शिक्षिका एका इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या, त्यांच्या पियानोचीही तीच गत. सगळे म्हणत, काय बोटं आहेत. मग ओसाकाच्या मोठ्या सभागृहात स्पर्धा ठरली.

स्पर्धेच्या दिवशी ती संध्याकाळी परत आली, बूट काढले आणि दारातच बसून राहिली.

"पहिलाच सूर फुटला, आई. तोफेसारखा. मला वाटलं मी काहीतरी मोडलं. मी उठले, माफी मागितली आणि निघून आले."

"माफी कशाची?"

"आवाजाची."

ऐकून मी सुन्न झालो. आवाजासाठी जन्मलेला मी, आणि माझ्याजवळ बसून ही पोर आवाजाला भ्यायला शिकली होती. तिने माझ्यावर कापड टाकलं. "आता पुरे," म्हणाली. पुढचे कित्येक दिवस तिने मला हात लावला नाही.

एकदा उकाईआजी गल्लीत घरोघर फिरणारी सूचनांची पाटी द्यायला आल्या. जाता जाता म्हणाल्या, "तोमोए, तुझ्या लेकीने पियानो लहानपणीच सोडला ना? मला करमायचं गं. तिने पहिल्यांदा वाजवलं, त्या दिवशी मुद्दाम खिडकी उघडून बसले होते."

तोमोएने विचारलं, "मग... ती फळं?"

"झाडाला फार लागली होती."

तोमोए पायरीवर बसली. मग उठली, आत आली, कापड ओढलं आणि स्वतःच्या पायाने माझं पेडल सोडवलं.

"वाजव."

"शेजारी..."

"शेजारच्या आजी आपल्याच दारात उभ्यात."

मिनेकोने एक सूर दाबला. चौघेही दचकलो. सगळ्यांत जास्त मी. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तिने हात मागे घेतला. मग तिने तोच सूर पुन्हा दाबला, आणि पुढचा.

पुढे मिनेको तोक्योला शिकली, देशोदेशी मैफली करू लागली. तिच्या भरदार वादनाचं वर्तमानपत्रांतून कौतुक येतं. मी इथेच आहे. माझ्यावर आधी लेसचं कापड आलं, मग बाहुली, मग टेलिफोन, मग औषधांचे डबे. तारा गंजल्या. नव्या वर्षाला ती घरी येते, डबे उचलते, वाजवायला बसते. इतक्या टाळ्या घेतलेल्या या बाईचे खांदे पहिल्या सुराला अजूनही दचकतात. लोकांना ते लांबून दिसत नाही. मला दिसतं, आणि दर वेळी मला नव्याने धक्का बसतो.

मित्रांनो, पियानोवर सामान ठेवू नका. वर्षातून एकदा तारा लावून घ्या. आणि घरातलं मूल वाजवत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी शेजारी जाऊन विचारून या. आवडतंय की नाही, ते शेजारचे आपणहोऊन सांगणार नाहीत.