भिकाभाऊंची सही

मांडणीवरून ताटली खण्णकन पडली. आयुषने गृहपाठातून मान वर केली. त्याच्या बापाने, झुंबरने, केली नाही. पहिली पाळी करून साडेतीनला आला, तसा तो हातातल्या कोऱ्या अर्जाकडे बघत बसला होता.

"आता सांगाल का, साहेब काय म्हणाले ते?" सरिताने ताटली उचलली.

"दाखला मिळायचा नाय."

अंबडच्या कापड रंगवायच्या कारखान्यात झुंबर सहा वर्षं बॉयलर चालवत होता. बॉयलरघराच्या भिंतीवरचा परवाना मात्र त्याच्या गुरूचा, भिकाभाऊंचा. आता नव्या साहेबाचं फर्मान निघालं होतं, एक तारखेपासून बिनपरवान्याचा माणूस बॉयलरजवळ दिसायला नको. परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर अनुभवाचा दाखला हवा, आणि अर्जाची मुदत उद्या संपत होती.

"का मिळायचा नाही? सहा वर्षं भट्टीत कोळसा कोणी लोटला?"

"रजिस्टर उघडून दाखवलं त्यांनी. दर तासाचा वाफेचा दाब, पाण्याची पातळी, सगळं बरोबर. पुढं सही भिकाभाऊंची. माझी एक नाय."

"मग सांगायचं ना, ती सही मीच करत होतो."

"सांगितलं. म्हणाले, लिहून दे. म्हणजे तू बी आत अन् भिकाभाऊ बी."

सरिताने कपाळाला हात लावला. भिकाभाऊ महिन्यातले वीस दिवस नांदगावला, आपल्या कांद्यात. त्यांनी कारखान्यात चिकटवलं, काम शिकवलं, म्हणून यांनी त्यांची गैरहजेरी झाकायची.

"निदान मदतनीस म्हणून शेजारी आपलं नाव टाकायचं."

"गुरूच्या सहीला लागून आपली सही? बरं दिसतं का ते?"

"नाही ना. आता घरी बसलेले फार बरे दिसाल."

तो ओशाळं हसला. "अन् सही गिरवायला शिकवली कोणी?"

याच फरशीवर पाटी घेऊन तिनेच त्याच्याकडून तो वळणदार 'भि' घोटून घेतला होता. जमला तेव्हा कौतुकाने शिराही केला होता.

तिची नजर त्याच्या मनगटावर गेली. वाफेने भाजलेले तीन डाग होते तिथे. ते काही रजिस्टरात चढत नव्हते.

आयुष पेन्सिल चावत कधीचा ऐकत होता.

"आई, आमच्या शिकवणीच्या बाई हजेरीच्या वहीत आपली सही नसली की गैरहजर लिहितात. मग पप्पा सहा वर्षं कुठे होते?"