तुमची अडचण असेल तर

हस्तकलेच्या मास्तरांना मागता येत नव्हतं असं नाही. मागायचे. फक्त समोरच्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणायचे, "तुमची काही अडचण असेल तर असू द्या, हं." आता इतकं आयतं हातात दिल्यावर अडचण कोणाला नसते? चार दुकानं झाली, दोन माजी विद्यार्थी झाले, आणि मास्तर आपले हात हलवत परत.

वर्गाशेजारची खोली रिकामी होती. तिथे मुलांसाठी सुतारकामाचं भक्कम टेबल, करवती, रंधे, पटाशा, एवढंच त्यांना हवं होतं. शनिवारपर्यंत सोय झाली नाही तर तिथे मोडकी बाकं रचायची, असं मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं. आणि मास्तर शहाणे, मुलांना आधीच कबूल करून बसले होते. मुलांनी दारावर खडूनं 'कारखाना' लिहूनसुद्धा टाकलं होतं. त्या दारावरून जायचं मास्तर टाळू लागले होते.

शुक्रवारी सकाळी त्यांना बसवेना, उभंही राहवेना.

"अहो, किती येरझाऱ्या घालाल? फरशी झिजेल," बायको म्हणाली. "बसा इथे. मी लाकडाच्या वखारीचे मालक. मागा माझ्याकडे."

मास्तरांनी घसा खाकरला. "शाळेसाठी जरा मदत हवी होती. म्हणजे, तुमची काही अडचण..."

"झालं! मी काही बोलले का अजून? नाही म्हणायचं काम त्यांचं आहे, ते तुम्ही कशाला अंगावर घेता? लग्नाचं विचारलंत तेव्हाही हेच. विचारलंत आणि लगेच चपला शोधायला लागलात. मी 'थांबा' म्हटलं म्हणून हा संसार झाला. मालक थांबा म्हणणार नाहीत."

दुपारी मास्तर वखारीत मालकांसमोर बसले. बाहेर यंत्राची करवत किंचाळत होती. मास्तरांनी सगळं सांगितलं आणि जीभ दातांखाली धरली. मालक खिडकीतून ट्रक भरणाऱ्यांकडे बघत राहिले. मास्तरांचे पाय आपोआप दाराकडे वळले होते, ते त्यांनी ओढून खुर्चीखाली घेतले.

"यंदा धंदा मंदा आहे, मास्तर," मालक अखेर म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू. चालेल ना?"

"नाही चालणार," मास्तर म्हणाले आणि स्वतःच दचकले. "पुढच्या वर्षी ही मुलं शाळेत नसतील."

"हातात काही नसताना त्यांना कबूल कशाला केलंत?"

"चुकलं माझं."

"मग?"

"तरी द्या."

मालकांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हसू दाबत म्हणाले, "टेबलाचं लाकूड घेऊन जा. हत्यारांचं मात्र तुमचं तुम्ही बघा."

एरवीचे मास्तर इथे हात जोडून, तीनतीनदा आभार मानून उठले असते. आताही लाजेनं त्यांचे कान तापले होते. पण ते जागचे हलले नाहीत.

"हत्यारांचे दुकानदार तुमच्या ओळखीचे आहेत," ते म्हणाले. "फोन लावून द्या. बोलतो मी."