बांधापर्यंत

"अठ्ठावन्न," असं स्वतःशीच म्हणत मनोरमाबाईंनी मायक्रोस्कोपच्या दोन्ही नळ्या जवळ ओढल्या. बघणाऱ्याच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर, तेवढ्यावर या नळ्या लावायच्या असतात आणि मधल्या पट्टीवर त्याचा आकडा दिसतो. बाईंचा आकडा अठ्ठावन्न. दिवसभरात बारा मुली आपापल्या आकड्यावर नळ्या फिरवून जात. क्लास सुटला की बाई आधी त्या अठ्ठावन्नवर आणत आणि मगच कव्हर घालत. दुबईतल्या त्या कॉलेजात अकरा वर्षं हा नेम चालू होता. नळ्यांना याचा काही उपयोग नव्हता, पण बाईंना होता.

२००२ सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. कव्हर घालायच्या आतच विभागप्रमुख डॉ. सतीश मेनन लॅबमध्ये आले. बाईंपेक्षा सतरा वर्षांनी लहान, पण माणूस आदबशीर. त्यांनी सांगितलं की यंदापासून लॅब टेक्निशियनचा कोर्स निम्मा कॉम्प्युटरवर शिकवायचा. रक्ताच्या स्लाइडचे फोटो बाईंनी काढायचे, ते वेबसाइटवर चढवायचे आणि मुलींनी घरी बसून, चार-चारच्या गटात, एकमेकींशी लेखी चर्चा करून पेशी ओळखायच्या.

"मॅडम, आप के बिना ये प्रोजेक्ट खलास है," मेनन म्हणाले.

नवीन काही निघालं की आधी नाही म्हणायचं आणि मग सगळ्यांपेक्षा नेटकं करून दाखवायचं, ही बाईंची रीत. या वेळी मात्र त्या लगेच हो म्हणाल्या. त्याचं कारण त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं.

नोव्हेंबरात एका सकाळी बाथरूमच्या टाइल्सची सरळ रेघ त्यांना वाकडी दिसली होती. डावा डोळा झाकला की वाकडी, उजवा झाकला की सरळ. दुबईच्याच करामा भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं दिसेल, समोरचं नाही. आता डावा सांभाळा. बाई फी देऊन घरी आल्या आणि कोणालाही काही बोलल्या नाहीत, अगदी यजमानांना, सदानंदांनाही नाही. बघणं हाच ज्या बाईचा धंदा, तिचा डोळा गेला हे कळलं तर जूनमध्ये कॉलेज कॉन्ट्रॅक्ट कशाला वाढवेल? पैशांची ओढ नव्हती, सदानंदांची नोकरी चांगली होती. पण लॅब सुटली तर अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये बसून करायचं काय, हा विचार त्यांना सोसत नव्हता. कॉम्प्युटरवर पेशी कशी पुरीएवढी दिसते. ती एका डोळ्यालाही पुरते.

बाईंनी दीड महिना खपून फोटो काढले. हात मुळातच टापटिपीचा. स्थळाला पाठवायचा फोटो काढावा तशी एकेक पेशी बरोबर मधोमध, ठसठशीत आणि आजूबाजूला कसलीही गर्दी नाही. मुलींना हे फार आवडलं. शारजाची एक लिहायची, या पेशीला तीन कप्पे. अल ऐनची उत्तर द्यायची, नो हबीबती, चार आहेत, पुन्हा मोज. बाई संध्याकाळी घरी एका बोटाने टाइप करत त्यांची भांडणं सोडवायच्या. इंटरनेटमुळे तेवढा वेळ टेलिफोन अडून राहायचा आणि पुण्याला फोन करायचा म्हणून सदानंद खोलीत येरझारा घालायचे.

"तुझ्या लेकींचं मिटलं असेल तर जरा लाइन सोड," ते म्हणायचे.

बारापैकी अकरा जणींना नव्वदच्या वर मार्क पडले. उरलेली एक, बदरुन्निसा. हैदराबादची मुलगी, वडील दुबईच्या सतवा भागात शिंपी, घरी कॉम्प्युटर नाही. कॉलेजच्या लायब्ररीत बस सुटेपर्यंत जेमतेम अर्धा तास मिळायचा, त्यात तिची दोन उत्तरंही धड व्हायची नाहीत. मधल्या सुटीत, कॉम्प्युटर रिकामा नसे तेव्हा, ती लॅबमध्ये बाईंच्या जुन्या स्लाइडची पेटी उघडून बसायची. तिला एकटीला मग बाईंनी जुन्या पद्धतीने शिकवलं. ही पद्धत त्यांना मिरजेला केरूनानांनी दिलेली. केरूनाना तिथल्या लॅबमधले जुने टेक्निशियन, घरचे शेतकरी. म्हणायचे, पोरी, स्लाइड नांगरायची असते. एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, धर, सरळ बांधापर्यंत जा, मग वळ आणि शेजारचा तास धर. मधल्यामध्ये पीक बघून घरी गेलीस तर बांधाकडेचं तण राहतं.

मेमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा आली. मुहैस्नाहजवळच्या एका दवाखान्यातून कॉलेजला रक्ताचे नमुने यायचे. तिथल्या कॅम्पांतल्या बांधकाम मजुरांचे, नाव नाही, नुसता नंबर. त्या सकाळी बाईंनी दहा स्लाइड बनवल्या, प्रत्येक तपासली आणि उत्तरांचा कागद लिहिला. सात नंबरपुढे लिहिलं, नॉर्मल.

संध्याकाळी पेपर तपासताना सात नंबरला अकरा जणींनीही नॉर्मलच लिहिलेलं होतं. बदरुन्निसाने लिहिलं होतं, मलेरिया, स्लाइडच्या शेपटीकडे, रक्ताचा थर विरतो त्या टोकाला. बाईंचं लाल पेन फुलीसाठी टेकलं आणि तिथेच थांबलं. त्या उठल्या, सात नंबर मायक्रोस्कोपखाली ठेवली, तेलाचा थेंब सोडला आणि डावा डोळा लावून पहिला तास धरला. मध्ये काही नव्हतं. सकाळी त्या मध्येच थांबल्या होत्या, एकट्या डोळ्याला पाणी येत होतं म्हणून. आता त्या बांधापर्यंत गेल्या. तिथे लाल पेशीच्या पोटात नाजूक जांभळी अंगठी होती, तिला खड्यासारखा एक ठिपका. जरा पुढे आणखी एक.

बाईंनी सर्वांत आधी दवाखान्याला फोन लावला. सात नंबरच्या माणसाला तापाच्या गोळ्या देऊन कॅम्पवर परत पाठवलं होतं. त्यांनी लगेच गाडी पाठवतो म्हटलं.

मग राहिला उत्तरांचा कागद. तो अजून कोणी पाहिला नव्हता. एक शब्द खोडून दुसरा लिहायचा, एवढंच काम. अकरा मुली चुकल्या असत्या आणि आळ कॉम्प्युटरवर गेला असता, आणि कॉम्प्युटर काही उलटून बोलत नाही. बाई पेन हातात धरून बसून राहिल्या. त्यांना केरूनानांची लाज वाटली, पण त्याहून बदरुन्निसाची जास्त वाटली. कागद होता तसा घेऊन त्या मेननच्या केबिनमध्ये गेल्या.

"सतीश, सात नंबर मैंने नॉर्मल लिखा है. मलेरिया है. बदरुन्निसा ने पकड़ा, मुझसे छूट गया." आणि खाली बसून म्हणाल्या, "मेरी राइट आय नवंबर से खराब है. किसी को बताया नहीं था."

मेनन कागद पुढे ओढून सात नंबरच्या ओळीवर आले. मग म्हणाले, "मॅडम, फिर एक्झॅम की स्लाइड आप..."

"मैं पास नहीं करूँगी. वो किसी और को दीजिए," बाईंनी त्यांचं वाक्य पुरं केलं. त्यांना ते अवघड जाऊ नये म्हणून. "और फोटो भी मैंने गलत निकाले. हर चीज़ बीच में रख दी. लड़कियों को ढूँढना आया ही नहीं."

पुढचं त्यांनी केबिनकडे चालता चालताच ठरवलं होतं. आता एका स्लाइडचे चारशे फोटो काढायचे, तासाला तास लावून, चांगलं-वाईट न निवडता. प्रत्येक मुलीला एकेक तास वाटून द्यायचा. कोणाच्या वाट्याला काय येईल ते बाईंनाही ठाऊक नसावं. सगळ्यांचे तास जुळवल्याशिवाय उत्तर निघू नये. मेननने विचारलं, चारशे फोटो काढणार कोण.

"बदरुन्निसा चलाएगी. मैं बाजू में बैठूँगी," बाई म्हणाल्या.

त्या रात्री जेवताना त्यांनी सदानंदांना सगळं सांगितलं. कॉलेजला आधी कळलं आणि आपल्याला मागून, याचं सदानंदांना वाईट वाटलं, आणि ते लपवणं त्यांना जमत नसे.

"नोव्हेंबरपासून एकटीच बघत होतीस?" एवढंच ते म्हणाले. मग आपलं ताट उचलून टेबलाला वळसा घालून बाईंच्या डाव्या बाजूला येऊन बसले. त्यानंतर त्यांची जागा तीच झाली.

जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट वाढलं, एकाच वर्षाचं. पुढचं इन्शाल्ला, मेनन म्हणाले. सात नंबर बरा होऊन कामावर गेल्याचं दवाखान्याने कळवलं. त्याचं नाव काय, हे बाईंनी विचारलं नाही आणि नंतर वाटलं, विचारायला हवं होतं.

सप्टेंबरात एका दुपारी सतरावा तास चालू होता. बदरुन्निसा नळ्यांना डोळे लावून बोलत होती आणि बाई शेजारच्या खुर्चीत बसून लिहून घेत होत्या.

"मॅडम, यहाँ तो कुछ भी नई दिखरा."

"बांध आला का?" बाईंच्या तोंडून मराठीच गेलं. पण मुलीला तेवढी मराठी आता येत होती.

"नहीं मॅडम, और थोड़ा है."

"मग चल."

पाच वाजता कॉलेजची बस आली आणि ती पळाली. बाईंनी स्लाइड काढली, तेल पुसलं, कव्हर उचललं. पट्टीवर बासष्टचा आकडा होता. त्यांचा हात सवयीने नळ्यांकडे गेला आणि तिथे थोडा वेळ राहिला. मग त्यांनी रुमालाने दोन्ही काचा हलकेच पुसल्या, नळ्या बासष्टवरच ठेवल्या आणि कव्हर घातलं.