मातीवर बसलेली राख

मी राख बोलतेय. चुलीतली नव्हे, तिने भांडी घासा. मी लान्सारोते बेटावरच्या ज्वालामुखीची राख आहे. काळी, खरबरीत, बाजरीच्या दाण्याएवढी.

डोंगर सहा वर्षं ओकत होता, त्यात मी बाहेर पडले. गावं गाडली, शेतं बुजवली. माणसं बकऱ्या हाकत पळाली आणि जाताना मला शिव्या घालून गेली. पाद्रीबुवा म्हणाले, ही तुमच्या पापांची शिक्षा. यांची पापं ती केवढी! चार चहाड्या आणि एखादी चोरलेली बकरी. एवढ्यासाठी कुणी डोंगर फोडत नाही.

पुढे माझ्या थराखालून कुठेकुठे हिरवे कोंब वर आले, तेव्हा हेच लोक परतले आणि मला हात जोडू लागले. 'राख म्हणजे सोनं' म्हणे. पोट भरलं की देव, नाही भरलं की सैतान. माणसाची अक्कल मी तेव्हापासून ओळखून आहे.

दोनशे वर्षं मी उतारावर लोळत होते. तिथून मला खिनेस नावाच्या शेतकऱ्याने खाली आणलं. उंटाच्या दोन्ही अंगांना टोपल्या बांधून तो दोन हिवाळे खेपा घालत होता. कांद्याच्या शेतात मातीवर त्याने माझा वीतभर थर पसरला. त्याची बायको तोमासा लागवडीच्या वेळी मला बोटांनी बाजूला सारी, रोप खालच्या मातीत खोची आणि मला पुन्हा त्याच्या गळ्याशी लोटी. मातीचा कण माझ्यात मिसळू देत नसे.

माझं काम एवढंच. इथे पाऊस वर्षातून चारदा थुंकतो. रात्रीचं दव मी पिते, खाली मातीला पोचवते आणि दिवसा ऊन-वारा वरच्यावर अडवते. खायला मी कुणालाही घालत नाही.

खिनेस वारला. मग तोमासाचा भाचा मार्सियाल व्हेनेझुएलाहून परतला. मनगटावर घड्याळ, पायात चकचकीत बूट आणि डोक्यात वारा. त्याने डबाभर राख शहरात तपासायला पाठवली. कागद आला, तेव्हा तोमासा भाजलेल्या पिठाचा गोळा मळत होती.

"आत्या, ऐक. निम्म्याहून थोडी कमी सिलिका. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. पोटॅश आहे, फॉस्फरस आहे."

"बरं मग?"

"मग काय? एवढा खुराक वर उघड्यावर पडलाय आणि खाली माती उपाशी. नांगरून कालवून टाकू."

"अरे शहाण्या, ते पांघरूण आहे. पांघरूण कुणी शिजवून खातं का?"

"आत्या, तुला वाचता येत नाही."

"नाही येत. तुला तरी कुठे येतंय?"

नातवाच्या बारशाला ती आठ दिवस शेजारच्या बेटावर गेली, आणि या विद्वानाने उंट नांगराला जुंपला.

कागद खोटा नव्हता. ते सगळं माझ्यात आहे, पण काचेसारख्या दगडात कोंडलेलं. पाणी आणि मुळं ते कणाकणाने सोडवतात, त्याला शतकं लागतात. आणि पानांना सगळ्यात आधी जो लागतो तो नायट्रोजन माझ्यात नाहीच. कागदाच्या शेवटच्या ओळीत तसं लिहिलं होतं. मार्सियाल तिथवर पोचला नव्हता.

तोमासा परतली आणि बांधावर उभी राहिली. काळं शेत विटकरी झालं होतं.

"खिनेसचे दोन हिवाळे होते ते," ती म्हणाली.

"पुन्हा आणू की डोंगरावरून."

"आणणारा गेला रे."

त्या वर्षी माती उघडी पडून सुकली, वाऱ्याने उडाली. कांदे गोट्यांएवढे झाले. मार्सियालला बंदरावर नोकरी लागली आणि तो गेला. कागद मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीवर टाचून गेला.

मग तोमासाने पिठाची चाळणी काढली. शेतात स्टूल टाकून ती रोज बसते. चाळणीतून माती खाली पडते, मी वर उरते. दिवसाकाठी एक टोपली होते. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "तू काही देत नाहीस, मला ठाऊक आहे. तू नुसती वर बस."

इतक्या वर्षांत माझ्याशी खरं बोललेली ही पहिलीच बाई. सगळ्या माणसांसारखा तिचाही तिरस्कार करायचं मी ठरवलं होतं. जमत नाही.

आज दोन खाटांएवढ्या पट्ट्यात मी मातीवर बसले आहे. तिथले कांदे ताठ उभे आहेत. बाकीची मी खाली अंधारात विरघळते आहे. आणखी काही शतकांनी कागदावरचा तो खुराक मातीला मिळेल. तेव्हा खा, आणि पुन्हा मला सोनं म्हणा. मला त्याचं काही नाही.

पण तोमासा बहात्तर वर्षांची आहे, शेत मोठं आहे आणि चाळणी पिठाची आहे. तुमच्यातल्या कुणाला माझ्याविषयी वाचायचं असेल तर खुशाल वाचा. आधी ती चाळणी तिच्या हातातून घ्या.